आधी बसून पाहा

"आधी बसून पाहा, मंग बोला."

हे वाक्य काकू तोंडाने कमी आणि हाताने जास्त म्हणायच्या. गाडीचं डावीकडचं दार उघडायचं, सीटवर थाप मारायची आणि बाजूला उभं राहायचं. समोरचा माणूस गाडीबद्दल जे काही बोलत असेल ते अर्ध्यावर तुटायचं. बहुतेक लोक बसायचे. बसून, एसीची हवा खाऊन, उतरून पुन्हा तेच म्हणायचे, "तरी पण काकू, चायना ते चायनाच."

मी हे चिडून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस आहे मी. पोरांनी रंगाचं पाणी माझ्या अंगावर सांडलं तरी माझा आवाज चढत नाही. पण हल्ली आमच्या पुलगावात चहाच्या टपरीवर गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "त्या चायनावाल्या बाईची गाडी रस्त्यातच बंद पडली, अन् नवरा गेला बिचारीचा." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण मी त्या गाडीत होतो. मागच्या सीटवर, तिच्या नवऱ्याला धरून बसलो होतो. गाडी बंद पडली नाही.

काकू आमच्या समोर राहायच्या. बाजारात त्यांचं कटपीसचं दुकान होतं. नवऱ्याला त्या कधी नावाने हाक मारत नसत आणि "आमचे हे" असंही म्हणत नसत. त्या म्हणायच्या, "दुकानदार". "दुकानदार जेवले का?" "दुकानदारायले चहा द्या." दुकान भाड्याने देऊन टाकल्यावरसुद्धा तो माणूस दुकानदारच राहिला. गोरा, बुटका, हळू बोलणारा, गिऱ्हाईक कापड न घेता उठलं तरी "येजा बरं" म्हणणारा. धंद्यातला कडकपणा सगळा काकूंच्या वाट्याला आला होता. ब्लाउजपीस फाडून झाल्यावर "रंग पसंत नाई" म्हणणाऱ्या बायांना त्या दुकानाच्या पायरीपर्यंत पोचवून यायच्या, आणि पोचवताना जे बोलायच्या ते अख्ख्या बाजाराला ऐकू जायचं.

दुकानदारांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोन वेळा वर्ध्याला डायलिसिससाठी न्यावं लागायचं. आधी एक जुनी पेट्रोल गाडी होती. काकू ती चालवायला पन्नाशी उलटल्यावर शिकल्या, कारण दुसरं कोणी चालवणारं नव्हतं. पुढे त्यांचा डावा गुडघा गेला, क्लच दाबताना डोळ्यात पाणी यायचं. मग नागपूरच्या मुलीने म्हटलं, क्लच नसलेली गाडी घ्या. आणि त्या दोघांना घेऊन ती शोरूम-शोरूम फिरली. त्या खेपेला मीही सोबत होतो, कारण मला नागपूरला रंग आणायचे होते.

त्या दिवशी काकूंनी गाड्या कशा पाहिल्या ते सांगितलंच पाहिजे. तुम्ही आम्ही गाडीचा रंग पाहतो, मोठी आहे की लहान ते पाहतो, भावाच्या गाडीपेक्षा भारी दिसते का ते पाहतो. काकू प्रत्येक गाडीत दुकानदारांना बसवायच्या आणि उठवायच्या. बस्स, एवढंच. बसताना त्यांचा हात कुठे टेकतो, उठताना गुडघा कुठे अडतो, डोकं आपटतं का. सीटचं कापड त्या अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळून बघायच्या. सेल्समन सांगत होता, "मॅडम, या गाडीच्या छतातून आभाळ दिसतं."

"वर्ध्याच्या उन्हात आभाळ कोन पाह्यते? झाका ते."

"मॅडम, ही बोललेलं ऐकते."

"मी सांगीन ते ऐकन का? आमचे दुकानदार तं ऐकत नाईत."

शेवटी ज्या गाडीत दुकानदार कोणाचा हात न धरता बसले आणि कोणाचा हात न धरता उतरले, ती गाडी चिनी कंपनीची निघाली. विजेवर चालणारी. मुलगी जरा चाचरली. म्हणाली, "आई, लोक नावं ठेवतीन."

"लोकायले उचलून बसवा लागते का तुझ्या बाबाले? मंग?"

गाडी घेतल्यावर रिवाजाप्रमाणे केळझरला गणपतीला नेली. पूजा झाली, चाकाखाली लिंबं चिरडली, आणि कोणीतरी हौसेने झेंडूचा जाडजूड हार गाडीच्या नाकावर बांधला. झालं! परतीच्या वाटेवर गाडी जी ओरडायला लागली ती थांबेचना. पुढे काहीतरी आडवं आलंय असं तिला वाटत होतं. जरा वेग घेतला की टीं टीं टीं करून स्वतःच ब्रेक मारायची. गाडीत आम्ही सगळे, आणि काकूंच्या शेजारी आमच्या आळीतले ठेकेदार. यांची ओळख आत्ताच करून घ्या, पुढे लागणार आहे. रस्त्यांची, नाल्यांची कंत्राटं घेणारा माणूस, घरासमोर मोठी डिझेल गाडी, आणि आळीत काय चांगलं काय वाईट ते ठरवायचा मक्ताही त्यांच्याकडेच.

"पाह्यलं?" ठेकेदार म्हणाले. "गणपतीच्या हारालेच अडथळा समजून राह्यली. चायना!"

काकूंनी गाडी बाजूला घेतली. उतरल्या, हार सोडला, आणि मागचं दार उघडून तो दुकानदारांच्या गळ्यात घातला. गाडी चूप झाली. दुकानदार नवरदेवासारखे पुलगावपर्यंत हार घालून बसले आणि रस्त्यातल्या ओळखीच्या माणसांना हात जोडत राहिले. त्या दिवसापासून काकू "कटपीसवाल्या" राहिल्या नाहीत, "चायनावाल्या" झाल्या.

आता ती गाडी रोजच्या वापराला कशी होती, याबद्दल काकूंइतकं खरं मी कोणाकडून ऐकलं नाही. बाकीच्यांची मतं गाडीत बसायच्या आधीच तयार असायची. काकू गाडीच्या वकील नव्हत्या. तिच्या खोड्या त्या स्वतःच सांगायच्या. आमच्या शाळेसमोरचा गतिरोधक म्हणजे लहानसा बांध आहे. गाडी भरलेली असली की तिचं पोट त्याला खर्रकन घासायचं. काकूंनी त्यावर उपाय काढला. गतिरोधकाच्या आधी गाडी थांबवायची आणि हुकूम सोडायचा, "धडधाकट असन तो उतरा." सगळे उतरायचे, गतिरोधक पायी ओलांडायचे आणि पुढे जाऊन पुन्हा बसायचे. दुकानदार तेवढे आत बसून राहायचे आणि खिडकीतून आम्हाला टाटा करायचे. ठेकेदारांनाही उतरावं लागायचं. पोट सावरत, पँट वर ओढत ते चालायचे आणि चालता चालता गाडीला शिव्या घालायचे. तो गतिरोधक त्यांनीच बांधला होता, हे मात्र कोणी बोलत नसे.

एकदा बाजारात सांडाने धडक देऊन गाडीचा आरसा फोडला. नवा आरसा यायला अख्खा पावसाळा गेला. काकूंनी दुकानातला, गिऱ्हाइकं ज्यात कापड अंगाला लावून पाहायची तो छोटा आरसा दोरीने बांधला आणि त्यावर वर्ध्याच्या खेपा केल्या. आणखी एकदा भावाच्या वावराकडे गेल्या असताना काळ्या मातीत गाडी अशी रुतली की ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. आणि गाडीच्या स्क्रीनमधून बोलणारी ती बाई. दुकानदारांना तिचा फार लळा. "बाई, हवा जराशी कमी कर न," असं ते तिला गोडीत सांगायचे. ती म्हणायची, "सॉरी." दुकानदार हसून म्हणायचे, "हिले आपलं समजत नाई, आपल्याले हिचं समजत नाई. जमन आमचं."

काकूंना कोणी खरोखर विचारलं, घ्यावी का अशी गाडी, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "रोजच्याले चांगली हाय. वावरात नेऊ नका. आरशाले जपा. अन् घरच्या लाइटीचा भरोसा नसन तं घेऊच नका." गाड्यांच्या एवढ्या गप्पा ऐकल्या मी, पण याहून सरळ निवाडा ऐकला नाही.

आणि वापरायचे सगळे! ही गोष्ट मला सर्वांत जास्त झोंबते. कोणाची मुलगी परीक्षेला वर्ध्याला, काकूंची गाडी. आंजीला कोणाच्या व्याह्यांकडे साखरपुडा, काकूंची गाडी. खुद्द ठेकेदारांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा म्हातारीला त्या उंच डिझेल गाडीत चढता येईना. मग काकूंनी आणलं. ठेकेदार पुढे बसले होते. त्या दिवशीही डायलिसिस होतं म्हणून दुकानदार मागे होते, आणि मी त्यांच्या सोबतीला. अर्ध्या वाटेवर ठेकेदार म्हणाले, "काई म्हणा काकू, गाडीचा आवाज आला पाह्यजे. हिचा आवाजच नाई येत. मुर्दा गाडीत बसल्यासारखं वाटते."

दुकानदार मागून हळूच म्हणाले, "तुमी करून राह्यले न आवाज. पुरे हाय तेवढा."

म्हातारी डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीखाली खुदकन हसली. ठेकेदारांना ते लागलं असावं.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. घरोघरी कूलर घरघरायला लागले आणि आळीतली लाइट जायला लागली. डीपी जुनी, तिच्यावर भार सगळ्यांचा. ठेकेदारांकडे तर खाली कूलर, वर कूलर आणि मधल्या खोलीत एसी. पण आळीने बसून ठरवलं, की हे सगळं काकूंच्या गाडीमुळे होतं. "ती गाडी करंट ओढून घेते." लाइनमन येऊन वर चढून पाहून गेला. "एकट्या गाडीचं काय घेऊन बसले? सगळ्यायचेच कूलर हायेत," असं खाली उतरून त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. ऐकलं सगळ्यांनी, पटवून कोणीच घेतलं नाही.

काकूंकडे माणसं गेली. ठेकेदार पुढे. "रातच्याले झोप नाई होत हो काकू. लेकरंबाळं हायेत."

"दुपारी लावत जातो मंग," काकू म्हणाल्या. एवढ्या कडक बाई, पण लेकरांच्या झोपेचं नाव काढल्यावर भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गाडीची तार दुपारी लागायला लागली. चार्जरच्या फ्यूजची पेटी बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला होती. तिला कडी होती. कुलूप नव्हतं. आमच्या आळीत कुंडीतल्या तुळशीला कोणी कुलूप लावत नाही, तसं त्या पेटीलाही लावावं असं काकूंच्या मनात आलं नाही.

तो दिवस. आदल्या दिवशी काकू दुकानदारांना नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आल्या होत्या. गाडीची बॅटरी जवळजवळ रिकामी झाली होती. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी तार लावली, दिवा लागलेला पाहिला आणि आत जाऊन दुकानदारांचे पाय दाबत बसल्या. ऊन उतरायच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली. "सर, या बरं जरा."

दुकानदार खाटेच्या काठावर बसून श्वास ओढत होते. एकेक श्वास विहिरीतून काढल्यासारखा. काकू चपला न घालता बाहेर पळाल्या, तार काढायला. चार्जरवर दिवा नव्हता. आळीत तर लाइट होती. त्यांनी पेटी उघडली. फ्यूज जागेवर नव्हता. तो पेटीच्या डोक्यावर नीट ठेवलेला होता. शेजारणीची वाटी परत करताना ठेवतात तसा.

काकूंनी तो फ्यूज उचलून पदराच्या टोकाला बांधला आणि मला म्हणाल्या, "दुसरी गाडी पाहा."

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला वेळ लागेल म्हणाले. मग मी ठेकेदारांच्या फाटकाकडे धावलो. डिझेल गाडी आत उभी होती. मी फाटक वाजवलं, हाका मारल्या, फोन केला. फोन बंद. खिडकीतून कूलरचा घरघराट येत होता, एवढा मोठा की माझाच आवाज मला ऐकू येईना. फाटक वाजवून वाजवून माझे हात लाल झाले. तो कूलर कशाच्या जिवावर एवढा जोरात चालला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

परत आलो तोवर काकूंनी दुकानदारांना गाडीत बसवलं होतं. गाडी अजून जाईल म्हणून स्क्रीनवर जेवढं अंतर दिसत होतं, तेवढंच जेमतेम वर्धा लांब होतं. काकूंनी ते पाहिलं, एसी बंद केला आणि निघाल्या.

त्या रस्त्यावर मी आयुष्यभर ये-जा केली आहे. त्या दिवशी तो संपत नव्हता. गाडी हळू चालवली तर पोचणार, वेगाने चालवली तर मध्येच संपणार. म्हणून काकू बैलगाडीच्या चालीने हाकत होत्या, आणि मागून येणारे हॉर्न वाजवत शिव्या देत पुढे जात होते. खिडक्यांतून भट्टीतली हवा आत येत होती. मी ओला पंचा दुकानदारांच्या डोक्यावर धरला होता. तो बघता बघता वाळत होता.

"अवो," दुकानदार म्हणाले, "एसी लाव न."

"लावतो न. थोडं पुढं गेल्यावर लावतो."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा तेच उत्तर. काकूंचा आवाज अगदी घरच्यासारखा होता, लहान पोराला बाजारातून परत येताना काहीतरी घेऊन देते म्हणतात ना, तसा. मला आरशात त्यांचे डोळे दिसत होते. मी मान खाली घातली.

मग दुकानदारांनी तोंड पुढे केलं आणि त्या गाडीतल्या बाईला म्हणाले, "बाई... एसी."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला त्यांचं बोलणं समजलं. ती काहीतरी छान बोलली आणि गार हवा सुरू झाली. दुकानदार हसले. खरंच हसले, माझ्याकडे पाहून. काकूंनी ती हवा त्यांच्या चेहऱ्यावर जराशी लागू दिली. स्क्रीनवरचा आकडा घसरला. त्यांनी हात पुढे केला आणि एसी बंद केला.

तो हात मला आजही दिसतो. त्या हाताने बोट दाखवायची वेळ आली तर कोणाकडे दाखवायचं, ते या गावाला चांगलं माहीत आहे.

गाडी दवाखान्याच्या दारापर्यंत गेली. स्क्रीनवर शून्य लागलं होतं, लाल दिवे लुकलुकत होते, पण ती चढ चढून थेट आत, स्ट्रेचरजवळ जाऊन थांबली. दुकानदार उतरताना माझा हात धरून उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. फ्यूज जागेवर असता तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण त्या माणसाला शेवटच्या प्रवासात गार हवा मिळाली असती. तेवढी त्याची नक्की होती, आणि तेवढी कोणीतरी काढून घेतली.

कोणी, ते तेरवीच्या दिवशी कळलं. कळलं कसलं, त्यांनी स्वतःच सांगितलं! मांडवात बसून, पत्रावळीवरचा लाडू फोडता फोडता ठेकेदार म्हणाले, "मीच काढून ठेवलता तो फ्यूज. अर्ध्या घंट्यासाठी. व्होल्टेज कमी, कूलर उचलतच नव्हता, डोळा लागून नाई राह्यला होता. मंग लावाचं ध्यानातच नाई राह्यलं." आवाजात लाज नव्हती. कोणाच्या अंगणातून दोरीवरचा टॉवेल चुकून नेला, असं सांगावं तसं सांगत होते.

आणि आजूबाजूची माणसं काय म्हणाली असतील? "तुमाले काय मालूम असं होईन म्हणून." "तुमची काय चूक त्यात?" आणि मग एक जण म्हणाला, "पेट्रोलची गाडी असती तं असं झालंच नसतं. चायनाची गाडी, रस्त्यात बंद पडली, बिचारे दुकानदार..."

तेव्हा मी उठलो. अन्न पुढ्यात टाकून उठू नये म्हणतात. मी उठलो आणि ओरडलो, "गाडी बंद पडली नाही! मी होतो गाडीत!" आणखीही बरंच बोललो. काय काय ते इथे लिहिता येणार नाही. दोघा-चौघांनी मला धरलं. "सर, जाऊ द्या. दुखाचं घर हाय." दुःखाच्या घरात खोटं बोललेलं चालतं, खरं बोललं की आवाज होतो.

माझा आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. हातात लाडवांचं ताट होतं. भिंतीवर दुकानदारांचा फोटो, त्याला झेंडूचा हार. काकूंनी कोणाकडे पाहिलं नाही. सरळ ठेकेदारांसमोर गेल्या आणि पदराची गाठ सोडली. ठेकेदारांनी सवयीने हात पुढे केला. काकूंनी त्यांच्या हातात तो फ्यूज ठेवला.

"हा तुमच्याजवळच राहू द्या," त्या म्हणाल्या. "कूलर चांगला चालते तुमचा."

ठेकेदारांच्या एका हाताला लाडू लागलेला, दुसऱ्या हातात फ्यूज. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. खिशात ठेवला तर घेतल्यासारखं होणार, पत्रावळीवर ठेवला तर आणखी वाईट. बराच वेळ ते तो हातात धरून बसून राहिले.

काकू आषाढात नागपूरला मुलीकडे गेल्या. घर बंद करून, तीच गाडी घेऊन, एकट्या. मी शाळेच्या फाटकात उभा होतो. गतिरोधकापाशी त्या सवयीने थांबल्या. आतून उतरणारं कोणी नव्हतं. क्षणभर थांबून त्यांनी गाडी पुढे काढली. ती कुठेही न घासता निघून गेली.

त्यानंतर गावाने आपला निवाडा पक्का केला. चायनाची गाडी रोजच्या कामाची नाही. दगा देते. आमच्या इथल्या एका बाईचा नवरा गेला तिच्यापायी. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा एका सरांनी मला हे ऐकवलं, आणि मी होतो म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोरच बंद पडली म्हणा न." माझ्या हातात खडू होता तो मी मोडला. तुम्हीच सांगा, अशा माणसांपुढे काय बोलायचं?

आणि आता हा उन्हाळा. गेल्या आठवड्यात शाळेतून घरी येतो, तर ठेकेदारांच्या घरासमोर गर्दी. नारळ फुटलेला, चाकाखाली लिंबं. नवी गाडी. विजेवरची. त्याच कंपनीची, काकूंच्या गाडीसारखीच, रंग तेवढा वेगळा. मला पाहून ठेकेदार पुढे आले, पेढा दिला. मी घेतला नाही.

"आता यायची टेक्नॉलॉजी लय सुधारली, सर," ते म्हणाले. "पहिलेच्या गाडीत दोष होता. आवाज तं पाहा, येतच नाई!"

माझी नजर त्यांच्या भिंतीकडे गेली. चार्जर नवा कोरा. त्याच्या फ्यूजच्या पेटीला लोखंडी जाळी बसवली होती, आणि जाळीला हे एवढं मोठं पितळी कुलूप.

"कुलूप कशाला?" मी विचारलं.

"लोकायचा काय भरोसा हाय, सर? कोनी काढून ठेवन." हे ते माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाले. खरंच सांगतो, पापणीसुद्धा हलली नाही. मग त्यांनी डावीकडचं दार उघडलं, सीटवर थाप मारली आणि म्हणाले, "या न. आधी बसून तं पाहा."

मी घरी आलो. काकूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. गाडी, जाळी, कुलूप, थाप.

मग त्या म्हणाल्या, "बसले का तुमी?"

"नाही."

"बसू नका, सर."